स्तनाच्या कर्करोगानंतरची केमोथेरपी: बांबोळीत घ्यावी की मुंबईत?

सत्तरीकर (प्रश्नकर्ता):

नमस्कार. माझ्या पत्नीचे वय ४९ असून तिच्या डाव्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांपूर्वी झाली. पूर्ण स्तन काढावा लागला नाही. गाठ आणि काखेतील ग्रंथी तेवढ्या काढल्या. पॅथॉलॉजीच्या अहवालात गाठ २.८ सेंटिमीटर, दोन ग्रंथींमध्ये रोगाच्या पेशी, ईआर आणि पीआर (गाठीच्या पेशींवरील हार्मोनचे ग्राहक) पॉझिटिव्ह, हर-टू (पेशींवरील एक प्रथिन) ‘२ प्लस’ असे लिहिले आहे. डॉक्टरांनी सांगितलेला क्रम असा आहे की आधी दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे ‘एसी’चे (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या दोन औषधांचे) चार डोस, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल असे बारा आठवडे, त्यानंतर रेडिएशन आणि पुढे काही वर्षे हार्मोनच्या गोळ्या.

पत्नीचे थोरले भाऊ डोंबिवलीला राहतात. कर्करोगाचे उपचार परळच्या टाटा रुग्णालयातच व्हावेत, राहण्याजेवण्याची सगळी सोय आपण पाहू, असा त्यांचा आग्रह आहे आणि त्यामागची माया मला कळते. पत्नीला मात्र घर सोडायचे नाही. मुलगी बारावीला आहे, आणि आजारपणात दुसऱ्याच्या घरी, मग ते भावाचे का असेना, महिनोन्‌महिने राहणे तिला नको आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील आमच्या गावाहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला (गोमेकॉ) स्वतःच्या गाडीने दीड तास लागतो, पावसाळ्यात त्याहून थोडा अधिक. औषधे दोन्हीकडे तीच असतील तर प्रत्यक्षात फरक कशात पडतो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांच्याकडून समजून घ्यावे, म्हणून लिहीत आहे. आम्हाला येत्या आठवड्यात निर्णय घ्यावा लागेल.

म्हापशाची वाचक:

दादा, माझे उपचार गोमेकॉतच झाले आणि औषधांचा क्रम तुमच्या पत्नीला सांगितला आहे तोच होता, त्यामुळे तेवढ्यापुरते अधिकाराने लिहू शकते. ‘एसी’मधील ‘ए’ म्हणजे डॉक्सोरुबिसिन. हे औषध रंगाने लाल असते आणि त्यानंतर एखादा दिवस लघवीलाही लालसर छटा येते. हे आधी कोणी सांगितले नसेल तर माणूस रक्त समजून घाबरतो, म्हणून वहिनींना आताच सांगून ठेवा. हे औषध शिरेबाहेर झिरपले तर कातडी आणि आतील मांस जाळते. म्हणून औषध जात असताना हाताला जराशीही आग, टोचणी किंवा सूज जाणवली तर संकोच न करता त्याच क्षणी परिचारिकेला सांगावे. आपल्याकडच्या बायका ‘उगाच कशाला त्रास द्यायचा’ म्हणून गप्प बसतात. इथे तसे करून चालत नाही.

उलटीची भीती सगळ्यांना असते, पण हल्ली त्यावरची औषधे चांगली आहेत. मात्र ती मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, तर सांगितलेल्या वेळी आधीच घ्यायची असतात. बरे वाटते आहे म्हणून दुसऱ्या दिवशी गोळ्या सोडल्या की तिसऱ्या दिवशी त्रास होतो. त्यातल्या ऑन्डॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होते, तेव्हा त्यावरचा उपायही पहिल्याच भेटीत विचारून घ्या. मला अन्नापेक्षा फोडणीचा वास अधिक सहन होत नसे; उकड्या तांदळाची पेज, थोडे मीठ आणि सोबत एखादे उकडलेले अंडे एवढेच काही दिवस जात असे. पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस जातात आणि उपचार संपल्यावर पुन्हा येतात. त्याबद्दल इतरत्र पुष्कळ लिहिलेले आहे, मी अधिक लिहीत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पहिले चार डोस तीन आठवड्यांच्या अंतराने असतात, त्यामुळे मुंबईला जाऊन-येऊन ते कसेबसे निभावता येतील. पुढचे बारा आठवडे मात्र दर आठवड्याला रक्त तपासणे, अहवाल दाखवणे आणि सलाईन घेणे असा क्रम असतो. तेव्हा एकतर मुंबईतच बिऱ्हाड करावे लागेल किंवा शरीर थकलेले असताना दर आठवड्याला कोकण रेल्वे गाठावी लागेल. वहिनींना घर सोडायचे नाही, हे कारण मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

निवृत्त परिचारिका, मडगाव:

वरील ताईंनी औषधाच्या दिवसाचे वर्णन चांगले केले आहे. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली आणि माझा अनुभव असा की रुग्णाच्या जिवाला धोका औषधाच्या दिवशी क्वचितच असतो. तो पुढे घरी असताना येतो. केमोथेरपी झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर काम करते आणि अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच असल्यामुळे त्यांनाही फटका बसतो. तीन आठवड्यांच्या चक्रात पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जातात आणि पुढच्या डोसपर्यंत पुन्हा वर येतात. त्या काळात साधा जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. शरीरात पांढऱ्या पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, फारसा खोकलाही नसतो, आणि ताप हे बहुतेक वेळा एकमेव लक्षण असते.

म्हणून घरात चांगला थर्मामीटर हवा आणि १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप दिसला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचे, सकाळची ओपीडी उघडण्याची वाट पाहायची नाही. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्याने आकडा खाली येतो आणि आतला संसर्ग तसाच राहतो. अंगात थंडी भरून हुडहुडी आली तर थर्मामीटरवर ९९ दिसत असले तरी निघावे. अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून प्रतिजैविक मिळावे, असा वैद्यकीय दंडक आहे.

आता परळ आणि बांबोळी यांची तुलना या अंगाने करून पाहा. मुंबईला डोस घेऊन चार दिवसांनी सत्तरीत परतलात, तर नेमके धोक्याचे दिवस तुम्ही घरी काढणार आणि तुमची फाइल, तुमचे डॉक्टर व तुमच्या तपासण्या मात्र सहाशे किलोमीटरवर असणार. मग रात्री ताप आला की तुम्ही बांबोळीलाच जाल, पण तिथे तुम्ही नवे रुग्ण असाल. मुंबईला जायचेच असेल तर पूर्ण काळ तिथेच राहावे. अर्धे इथे आणि अर्धे तिथे, हा मला सर्वांत धोकादायक मार्ग वाटतो.

बांबोळीत घेण्याचे ठरले तरी दीड तासाचे अंतर उरतेच. पहिल्या डोसपूर्वीच डॉक्टरांना स्पष्ट विचारा की रात्री ताप आल्यास थेट बांबोळीला यायचे की वाटेत वाळपईच्या सरकारी रुग्णालयात पहिले इंजेक्शन घेऊन पुढे यायचे, आणि त्यांनी जे सांगितले ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. त्याच पानावर औषधांची नावे, शेवटच्या डोसची तारीख, वजन, ॲलर्जी आणि शेवटच्या सीबीसीचे (रक्तपेशींच्या मोजणीचे) आकडे असू द्यात. १०८ वर फोन करताना ‘केमो चालू आहे आणि ताप आहे’ एवढे दोन शब्द सुरुवातीलाच सांगावेत. पेशी फार खाली जाण्याची शक्यता वाटली तर डॉक्टर डोसनंतर चोवीस तासांनी पेशी वाढवणारे इंजेक्शन देतात. त्याने कंबर आणि पायांची हाडे दुखतात, ते दुखणे अपेक्षितच असते.

आणखी दोन गोष्टी. डाव्या काखेतील ग्रंथी काढल्या आहेत, त्यामुळे सुई, रक्त काढणे आणि रक्तदाब मोजणे हे सगळे उजव्या हातावर व्हावे, आणि हे प्रत्येक नव्या माणसाला सांगावे लागते. एकाच हातावर सोळा डोस आणि तितक्याच रक्ततपासण्या पेलवतील अशा शिरा पुष्कळ स्त्रियांच्या नसतात, म्हणून छातीच्या कातडीखाली बसवायच्या केमो-पोर्टबद्दल आताच विचारावे. शिरा खराब झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे पहिल्या डोसपूर्वी टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेला असायला हवा.

दादर-पणजी:

माझ्या आईचे उपचार परळला झाले, त्यामुळे तुमच्या मेहुण्यांची बाजू थोडी मांडतो. टाटा रुग्णालय १९४१ पासून याच कामात आहे. एकाच आजाराचे इतके रुग्ण पाहणारी माणसे तिथे आहेत की अवघड प्रसंगी त्याचा फरक पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जाता जाता सांगतो, ते रुग्णालय ज्या रस्त्यावर उभे आहे त्याला नाव आपल्याच गोमंतकीय शल्यविशारदाचे, डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे आहे. गोव्याहून जाणाऱ्या पुष्कळांना हे ठाऊक नसते.

परंतु तुमचा प्रसंग अवघड आहे का, हा खरा प्रश्न आहे. ‘एसी’ आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हा जगभर रुळलेला क्रम आहे. देशभरातील कर्करोग रुग्णालयांमध्ये उपचार एकसारखे असावेत यासाठी टाटाच्याच पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाले आणि त्यांची मार्गदर्शक तत्त्वे सर्वांना उपलब्ध आहेत. डोस शरीराच्या पृष्ठफळावरून, म्हणजे उंची आणि वजनावरून काढतात. परळच्या सलाईनमध्ये आणि बांबोळीच्या सलाईनमध्ये त्यामुळे वेगळे काही नसते.

मला तुमच्या पोस्टमध्ये वेगळीच गोष्ट खटकली. हर-टू ‘२ प्लस’ हे उत्तर नव्हे, ते अनिर्णित आहे. शून्य किंवा १ प्लस असेल तर निगेटिव्ह आणि ३ प्लस असेल तर पॉझिटिव्ह धरतात. २ प्लस आल्यावर ‘फिश’ नावाची तपासणी त्याच गाठीच्या नमुन्यावर करावी लागते. ती पॉझिटिव्ह आली तर उपचारांत ट्रास्टुझुमॅब हे औषध वाढते आणि ते साधारण वर्षभर चालते. ग्रंथींमध्ये रोग असताना त्यासोबत पर्टुझुमॅबही विचारात घेतात. ट्रास्टुझुमॅबचाही हृदयावर परिणाम होऊ शकत असल्याने ते डॉक्सोरुबिसिनच्या जोडीने देत नाहीत, पॅक्लिटॅक्सेलपासून सुरू करतात. म्हणजे ‘एसी’चे डोस चालू असताना अहवाल आला तरी पुष्कळदा चालते, पण काही डॉक्टर हर-टू पॉझिटिव्ह असल्यास पहिल्यापासून वेगळाच क्रम निवडतात. त्यामुळे ‘फिश पाठवले आहे का आणि उत्तर कधी येईल’ हा प्रश्न मुंबई की बांबोळी याच्याही आधीचा आहे. ही इंजेक्शने पूर्वी खर्चामुळे कित्येकांच्या आवाक्याबाहेर होती. गोव्यात आता सरकारने हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांसाठी गोमेकॉत ती मोफत देण्याची सोय केली आहे आणि तुमच्या निर्णयात ही बाब लहान नाही.

माझी सूचना अशी आहे की रुग्ण न हलवता नमुना हलवावा. गाठीचे मेणातील ब्लॉक आणि स्लाइड संबंधित पॅथॉलॉजी विभागाकडे रीतसर अर्ज करून मिळतात. ते मेहुण्यांनी परळला नेऊन स्लाइडचे पुनरावलोकन करून घ्यावे आणि एकदा तिथल्या तज्ज्ञाचे मत लेखी घ्यावे. मेहुण्यांच्या मनाचेही समाधान होईल आणि वहिनींना घर सोडावे लागणार नाही. मात्र या मतासाठी केमोथेरपी खोळंबू देऊ नका. शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत ती सुरू व्हावी असे पाहतात आणि तुमचे तीन आठवडे संपले आहेत.

निवृत्त परिचारिका, मडगाव:

हर-टूचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला नव्हता, पण तो यांनी माझ्याहून नीट मांडला आहे. ब्लॉक नेताना एक काळजी घ्या: पोचपावती घ्या आणि ब्लॉक परत आणून जमा करा. पुढे कधी तपासणी करायची झाली तर तोच एकमेव पुरावा असतो.

सत्तरीकर:

सर्वांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांना भेटलो. फिशसाठी नमुना आधीच पाठवलेला होता, आम्हालाच ते समजले नव्हते. दुसरा ब्लॉक आणि स्लाइड मिळण्यासाठी अर्ज दिला आहे. मेहुणे पुढच्या आठवड्यात येऊन घेऊन जातील. त्यांना तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले आणि ‘तापाचे दिवस’ हा मुद्दा त्यांनाही पटला. पहिला डोस बांबोळीतच घ्यायचे ठरले. दीन दयाल स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाचे नूतनीकरण राहून गेले होते, तेही आता हाती घेतले आहे.

आणखी दोन शंका आहेत. आमच्याकडे चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात, पाच दिवस घरात पन्नासेक माणसे असतात आणि हिशेब केला तर दुसऱ्या डोसनंतरचा दहावा-बारावा दिवस नेमका तेव्हा येतो. डोस आठवडाभर पुढे ढकलावा का? दुसरे असे की माझ्या आईने कुण्या वैद्याकडून रक्त वाढवण्याचा काढा आणला आहे. तो औषधांसोबत चालेल का?

म्हापशाची वाचक:

मी चवथ आमच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून केली. आरती ऐकू येत होती, पाहुण्यांना लांबून नमस्कार करत होते, आणि कोणाला वाईटही वाटले नाही. ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनी आत येऊ नये, एवढे मात्र माझ्या यजमानांनी आधीच सर्वांना सांगितले होते. हे सांगण्याचे काम रुग्णाने करायचे नसते. ते तुम्ही करा.

निवृत्त परिचारिका, मडगाव:

सणासाठी डोस पुढे ढकलण्याच्या मी विरुद्ध आहे. डोस ठरल्या अंतराने जाण्यातच या उपचारांचा गुण आहे. पेशी वर आल्या नाहीत म्हणून डॉक्टरांनी पुढे नेला तर गोष्ट वेगळी. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करण्याबद्दल विचारायला हरकत नाही, पण आठवडा मागू नये. मूळ घरी मुक्काम न करता दर्शनापुरते, गर्दी नसलेल्या वेळी, मास्क लावून जाऊन यावे. माटोळी (गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट) बांधण्याच्या कामात त्यांना घेऊ नका: रानातून आणलेल्या वेली, फळे आणि माती लागलेली मुळे यांवर बुरशी असते, आणि काट्याने बोट ओरखडले तरी या दिवसांत ती जखम साधी नसते. नैवेद्याचे जेवण घरचे, ताजे आणि गरम असेल तर अवश्य जेवावे. सकाळपासून उघड्यावर राहिलेले पदार्थ, बाहेरची चिरलेली फळे आणि न उकळलेले विहिरीचे पाणी टाळावे. सण उरकल्यावर मासळीला बंदी नाही, उलट प्रथिनांसाठी ती चांगलीच. फक्त नीट शिजलेली हवी आणि तिसऱ्या, कालवे यांसारखी शिंपल्यातली मासळी उपचार संपेपर्यंत नको.

काढ्याबद्दल माझे उत्तर ‘नको’ असे आहे. यात आयुर्वेदाचा अनादर नाही. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही दोन्ही औषधे यकृतातून बाहेर पडतात. काढ्यात नेमके काय आणि किती आहे हे माहीत नसताना यकृताच्या तपासणीचे आकडे बिघडले, तर दोष कशाचा हे डॉक्टरांना ठरवता येत नाही आणि मग केमोचाच डोस कमी करावा लागतो किंवा थांबवावा लागतो. स्वयंपाकातली हळद, आले, आमसूल यांना काही हरकत नाही. हळदीच्या कॅप्सूल मात्र काढ्याच्याच रांगेत धरा. आईंना राग येऊ नये म्हणून बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांनाच सांगू द्या. घरच्यांनी नाही म्हटले की भांडण होते, डॉक्टरांनी म्हटले की होत नाही.

दादर-पणजी:

शेवटी एक विचारून ठेवा, जे आम्ही आईच्या वेळी उशिरापर्यंत गृहीत धरून चाललो होतो: रेडिएशन कुठे होणार? ते आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे असते, त्यामुळे राहण्याची सोय लागली तर ती तेव्हाच लागेल. आणि पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर बोटांना मुंग्या येतात का हे दर आठवड्याला विचारत जा. ब्लाउजचे हुक लावता येईनासे झाले, चपला पायातून निसटल्याचे कळेनासे झाले, तर पुढच्या डोसपूर्वी डॉक्टरांना सांगायचे. डोस कमी करण्याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. याच औषधाची ॲलर्जी उमटली तर बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या डोसच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत उमटते, तेव्हा सलाईन सुरू होताच चहा प्यायला खाली जाऊ नका.